सापाच्या औषधातही अँटिबॉडी, लॅबच्या कुपीतही अँटिबॉडी. मग ‘फॉस्फो-एकेटी’ नेमकं शोधते काय?

जामनेर तालुक्यात कपाशीच्या वावरात कुणाला घोणस चावली की घरचे लोक दवाखान्यात पोहोचताच एकच गोष्ट विचारतात, “सापाची लस आहे का?” ती ‘लस’ खरं तर लस नसतेच. घोड्यांना सापाचं विष अगदी थोड्या प्रमाणात टोचतात. घोड्याचं शरीर त्या विषाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि त्या अँटिबॉडी घोड्याच्या रक्तातून वेगळ्या काढून बाटलीत भरतात. भारतात मिळणारं हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालतं. महाराष्ट्रात या औषधासाठी मुंबईतल्या परळच्या ‘हाफकिन’चं नाव पिढ्यान् पिढ्या ओळखीचं आहे.

आता दुसरी कुपी बघा. करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी, तळाशी जेमतेम दोन थेंब द्रव. लेबलवर लिहिलेलं असतं ‘फॉस्फो-एकेटी, सेरिन ४७३’ आणि खाली बारीक अक्षरात ‘फक्त संशोधनासाठी’. किंमत साधारण तीस ते पन्नास हजार रुपयांच्या घरात. यातही अँटिबॉडीच आहे, फक्त ती सशापासून मिळवलेली असते. ती कुणाला टोचत नाहीत आणि तिने कोणताही आजार बरा होत नाही. तरीही मधुमेह आणि कर्करोगावरचं गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलं बरंचसं संशोधन अशा दोन थेंबांवर उभं आहे.

हे दोन थेंब नेमकं काय करतात, आणि त्यांच्यावर कितपत विश्वास ठेवायचा?

आधी एक गैरसमज

‘अँटिबॉडी’ हा शब्द घराघरात पोहोचला तो कोरोनामुळे. जुलै २०२० मध्ये मुंबईत तीन वॉर्डांत सर्वेक्षण झालं, त्यात झोपडपट्टीतल्या साधारण ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. इमारतींत राहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १६ टक्के होतं. त्या वेळी प्रश्न असा होता, “तुमच्या अंगात अँटिबॉडी आहेत का?” म्हणजे अँटिबॉडी ही शोधायची वस्तू होती.

संशोधनातल्या अँटिबॉडीचं उलटं असतं. इथे तीच शोधणारी असते. अँटिबॉडीचा एक गुण फार कामाचा आहे: ती एक ठरावीक आकार ओळखते आणि त्यालाच घट्ट चिकटते. सापाच्या विषाला चिकटली तर विष निकामी होतं. पेशीतल्या एखाद्या प्रथिनाला चिकटवली आणि तिच्या शेपटाला रंग किंवा प्रकाश देणारं काही जोडलं, तर ते प्रथिन कुठे आणि किती आहे ते दिसतं.

‘फॉस्फो’ अँटिबॉडी याच्याही पुढे जाते. प्रथिन आहे की नाही एवढंच ती सांगत नाही. ते प्रथिन त्या क्षणी चालू होतं का, हे ती सांगते.

विहिरीवरच्या मोटारी मोजायच्या कशा?

खान्देशातल्या माणसाला हे समजायला सोपं आहे. एखाद्या शिवारात पन्नास विहिरी आहेत आणि पन्नास मोटारी. कुणी येऊन मोटारी मोजल्या तर आकडा पन्नास येईल. पण त्यावरून या क्षणी केळीला पाणी चाललंय की नाही, हे कळणार नाही. त्यासाठी स्टार्टरवरचा दिवा बघावा लागतो. लाइट रात्री दोनला आली तर मोटारी रात्री दोनलाच चालू दिसतील. आकडा मात्र दिवसाही पन्नास आणि रात्रीही पन्नास.

पेशीतही असंच असतं. प्रथिन तयार होऊन तयार स्थितीत पडून असतं. काम सुरू करायची वेळ आली की त्याच्या एका ठरावीक जागी फॉस्फेटचा छोटासा गट चिकटवला जातो. हा गट येतो एटीपी या रेणूकडून. चिकटवणाऱ्या एन्झाइमला ‘कायनेज’ म्हणतात आणि काढून टाकणाऱ्याला ‘फॉस्फेटेज’. एक चालू करतो, दुसरा बंद. काही प्रथिनांत फॉस्फेट लागल्यावर काम थांबतं हेही खरं, त्यामुळे ‘फॉस्फेट म्हणजे चालू’ हे सरसकट समीकरण नाही.

माणसाच्या जनुकांत अशा कायनेजची संख्या किती, याची यादी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती निघाली ५१८. एवढ्या स्विचांची व्यवस्था निसर्गाने कशासाठी केली? वेगासाठी. नवं प्रथिन बनवायला वेळ लागतो. तयार प्रथिनावर फॉस्फेट चिकटवायला सेकंद ते मिनिटं पुरतात.

हा प्रकार पहिल्यांदा नीट उलगडला तो १९५०च्या दशकात अमेरिकेत सिअ‍ॅटलला. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर स्नायूंतल्या एका एन्झाइमचा अभ्यास करत होते. स्नायूंनी साठवलेली साखर हे एन्झाइम मोकळी करतं. ते चालू आणि बंद होतं ते फॉस्फेटमुळे, असं त्यांना दिसलं. नोबेल मात्र मिळालं १९९२ मध्ये. मधल्या साडेतीन दशकांत जगाला हळूहळू कळत गेलं की हा स्नायूंपुरता किस्सा नाही, पेशीचा जवळजवळ सगळा कारभार याच पद्धतीने चालतो.

मधला एक टप्पा तर मजेशीर आहे. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर एक प्रयोग करत होते. फॉस्फेट फक्त सेरिन आणि थ्रिओनिन या दोन अमिनो आम्लांवर बसतं, अशी तोवरची समजूत होती. हंटर यांनी त्या दिवशी ताजं रसायन न बनवता जुनंच द्रावण वापरलं. त्याची आम्लता थोडी बदललेली होती. त्यामुळे एरवी थ्रिओनिनच्या ठिपक्यात मिसळून जाणारा एक ठिपका वेगळा सरकला. तो निघाला टायरोसिनचा. आज कर्करोगावरच्या औषधांचा एक मोठा वर्ग ‘टायरोसिन कायनेज’ रोखणाऱ्या औषधांचा आहे, आणि त्याची एक मुळी त्या शिळ्या द्रावणात आहे. कंटाळ्याचे असे फायदे नेहमी होत नाहीत.

एकेटी: साखर आत घेणारा आणि पेशीला जगवणारा स्विच

संशोधकांना सर्वात जास्त ज्या स्विचांमध्ये रस असतो, त्यांतला एक म्हणजे एकेटी. नाव विचित्र वाटतं, कारण ते उंदरांच्या ‘एके’ नावाच्या जातीवरून आलं आहे. त्या उंदरांना रक्तपेशींचा कर्करोग होत असे आणि त्यांच्यातून १९७७ मध्ये वेगळ्या केलेल्या विषाणूमुळे हे नाव रूढ झालं.

पण एकेटीचं रोजचं काम आपल्या ताटाशी जोडलेलं आहे. भाकरी खाल्ली, रक्तातली साखर वाढली, स्वादुपिंडाने इन्सुलिन सोडलं. इन्सुलिन पेशीच्या दारावर येतं, पण आत जात नाही. ते बाहेरून बेल वाजवतं. बेलचा निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात एकेटीपर्यंत पोहोचतो. एकेटीवर दोन ठिकाणी फॉस्फेट बसतं: ३०८व्या क्रमांकाच्या थ्रिओनिनवर आणि ४७३व्या क्रमांकाच्या सेरिनवर. अख्खं प्रथिन ४८० अमिनो आम्लांचं, त्यात ही दोन घरं महत्त्वाची. दोन्ही ठिकाणी फॉस्फेट बसलं की एकेटी पूर्ण जोरात काम करतं. मग स्नायूच्या पेशीत आत पडून असलेली साखरेची दारं पृष्ठभागावर येतात आणि साखर आत शिरते. टाइप-२ मधुमेहात बेल वाजत राहते, पण निरोप पुढे नीट जात नाही. तो कुठे अडतो हे शोधताना ‘फॉस्फो-एकेटी किती?’ हा प्रश्न येतोच.

दुसरी बाजू कर्करोगाची. एकेटी पेशीला ‘वाढ, मरू नकोस’ असाही निरोप देतं. निरोगी पेशीत हा निरोप गरजेपुरता असतो. अनेक कर्करोगांत एकेटीच्या आधीच्या एखाद्या जनुकात बिघाड होतो, किंवा त्याला लगाम घालणारं ‘पीटेन’ नावाचं प्रथिन नाहीसं होतं. मग स्टार्टर अडकून बसतो आणि मोटार बंदच होत नाही. स्तनाच्या कर्करोगात हे वारंवार दिसतं. तंबाखू-गुटख्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या अनेक अभ्यासांतही हा मार्ग चढलेला आढळला आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदीचं प्रत्यक्षात काय होतं, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

सशाला फॉस्फेट कसं शिकवतात?

फॉस्फेटचा गट प्रथिनाच्या मानाने इवलासा असतो. साठ हजार डाल्टनच्या आसपास वजनाच्या एकेटीवर बसणारं फॉस्फेट वजनात भर टाकतं जेमतेम ऐंशी डाल्टनची. म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या खिशात ऐंशी ग्रॅमची किल्ली. अँटिबॉडीला ओळखायची असते ती माणसाच्या खिशातली ही किल्ली, आणि तीसुद्धा ठरावीक माणसाच्या ठरावीक खिशातली.

त्यासाठी कारखान्यात आधी एकेटीचा छोटा तुकडा कृत्रिमरीत्या बनवतात, साधारण दहा-पंधरा अमिनो आम्लांचा, ज्यात ४७३व्या सेरिनवर फॉस्फेट आधीच बसवलेलं असतं. एवढा लहान तुकडा सशाचं शरीर परका म्हणून ओळखत नाही. म्हणून तो एका मोठ्या प्रथिनाला जोडतात. बऱ्याचदा हे प्रथिन एका समुद्री गोगलगायीच्या रक्तातून मिळवलेलं असतं. ते सशाला काही आठवड्यांच्या अंतराने टोचतात.

सशाच्या रक्तात मग नाना प्रकारच्या अँटिबॉडी तयार होतात. काही गोगलगायीच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या, काही एकेटीच्या तुकड्याला फॉस्फेट असो वा नसो चिकटणाऱ्या, आणि थोड्या नेमक्या हव्या तशा. निवड इथे होते. रक्तद्रव आधी फॉस्फेट नसलेल्या तुकड्यांच्या गाळणीतून सोडतात. ज्या अँटिबॉडी इथेच अडकल्या त्या नकोत. उरलेल्या फॉस्फेटवाल्या तुकड्यांच्या गाळणीतून सोडतात. इथे ज्या अडकल्या त्या कामाच्या.

ही झाली जुनी पद्धत. तिच्यात अडचण अशी की ससा मेला की तीच अँटिबॉडी पुन्हा मिळत नाही. नव्या सशाची नवी बॅच थोडी वेगळी निघते. १९७५ मध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी एकाच पेशीपासून एकसारखी अँटिबॉडी कायम मिळवण्याची युक्ती शोधली. ‘मोनोक्लोनल’ हा शब्द तिथून आला आणि १९८४ चं नोबेलही. आता तर अँटिबॉडीचं जनुकच काढून घेतात आणि प्रयोगशाळेतल्या पेशींकडून ती हवी तेवढी बनवून घेतात. त्यानंतर सशाची गरज उरत नाही.

फॉस्फेट ओळखणारी पहिली अँटिबॉडी १९८१ मध्ये आली. तिला फॉस्फेट लागलेलं कोणतंही टायरोसिन चालायचं, प्रथिन कोणतं याच्याशी तिला देणं-घेणं नव्हतं. ‘अमुक प्रथिनाचा अमुक क्रमांक’ इतकी नेमकी अँटिबॉडी दुकानात सहज मिळू लागली ती १९९०च्या दशकात.

दूध नको, इथे दूध चालत नाही

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून जीवशास्त्रात एमएस्सी करून संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याची या कुपीशी गाठ बहुधा ‘वेस्टर्न ब्लॉट’ शिकताना पडते. नावाचा पश्चिमेशी संबंध गमतीचाच आहे. डीएनए शोधण्याची अशीच एक पद्धत १९७५ मध्ये एडविन सदर्न यांनी आणली, तिला त्यांच्या आडनावावरून ‘सदर्न ब्लॉट’ म्हणू लागले. मग आरएनएच्या पद्धतीला कुणीतरी ‘नॉर्दर्न’ म्हटलं आणि प्रथिनांच्या पद्धतीला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या संशोधकाने ‘वेस्टर्न’.

पद्धत अशी. पेशी फोडायच्या, त्यातली प्रथिनं जेलीसारख्या पातळ थरात भरायची आणि वीज सोडायची. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे राहतात. मग ती एका कागदासारख्या पडद्यावर उतरवायची. पडद्याच्या रिकाम्या जागेवर अँटिबॉडी उगाच चिकटू नये म्हणून तो आधी एखाद्या स्वस्त प्रथिनाने माखून घ्यायचा. त्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा चक्क दुधाची पावडर वापरतात.

फॉस्फो-अँटिबॉडीच्या बाबतीत मात्र इथेच घोळ होऊ शकतो. दूध फाटल्यावर जो चोथा वेगळा होतो, त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसिन, आणि केसिनवर फॉस्फेटचे गट भरपूर असतात. अँटिबॉडी फॉस्फेट शोधायला निघालेली असते; पडद्यावर सगळीकडे फॉस्फेटच पसरलेलं असेल तर सगळा पडदा काळा पडण्याची भीती. म्हणून बहुतेक कंपन्या फॉस्फो-अँटिबॉडी दुधाऐवजी गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये मिसळायला सांगतात. ते दुधाच्या पावडरपेक्षा कितीतरी महाग पडतं.

मग अँटिबॉडी हजारपट पातळ करून रात्रभर चार अंश तापमानात ठेवायची. दुसऱ्या दिवशी प्रकाश देणारी दुसरी अँटिबॉडी लावायची. सगळं जमलं तर साठच्या खुणेजवळ एक काळी पट्टी दिसते. ती एकटी पट्टी काहीच सिद्ध करत नाही. शेजारी ‘एकूण एकेटी’ची पट्टी लागते, म्हणजे मोटारी किती आणि चालू किती, हे दोन्ही कळतं. फॉस्फेट मुद्दाम काढून टाकलेला नमुनाही लागतो. त्यातही पट्टी दिसली तर अँटिबॉडी फॉस्फेट बघतच नाही, हे उघड होतं. आणखी एक बारकावा असा की शरीरात एकेटीचे तीन भाऊ आहेत. त्यांची ही जागा एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहे की साधारणपणे एकच अँटिबॉडी तिघांनाही पकडते. नेमका कोणता भाऊ चालू आहे, हे पट्टी सांगत नाही.

जामनेरहून निघालेला तुकडा

आता प्रश्न येतो की एवढी नेमकी गोष्ट कळते, तर कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये ‘फॉस्फो-एकेटी’ का नसतं?

याचं मोठं कारण वेळ. तुकडा शरीरातून कापला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, पण त्यातली एन्झाइमं लगेच थांबत नाहीत. फॉस्फेटेज आपलं काम करत राहतात, फॉस्फेट काढत राहतात. उलट ऑक्सिजन तुटल्याचा ताण बसून काही ठिकाणी नवं फॉस्फेट चिकटतं. प्रथिनाचं एकूण प्रमाण तासभरात फारसं हलत नाही, मात्र फॉस्फेटच्या खुणा काही मिनिटांत बदलू लागतात. म्हणून प्रयोगशाळेत पेशी बर्फावर फोडतात आणि त्यात फॉस्फेटेजला थांबवणारी रसायनं घालतात. ऑपरेशन थिएटरमध्ये तुकडा क्षणात द्रव नायट्रोजनमध्ये टाकायची सोय मोठ्या संशोधन केंद्रांतही नेहमीची नसते.

तालुक्याच्या गावात काय होतं? तुकडा काढतात, फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात आणि बऱ्याचदा ती बाटली नातेवाईकांच्याच हातात देतात. जामनेरहून ती जळगावला जाते, कधी तिथून रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर मुंबईला, टाटाच्या ओपीडीत. फॉर्मालिन ऊतीत शिरतं तासाला साधारण एक मिलिमीटर. मोठा तुकडा न कापता टाकला तर मधल्या भागापर्यंत ते पोहोचायला कित्येक तास लागतात, आणि तोवर मधली फॉस्फेटची नोंद पुसली गेलेली असते. पाचोरा असो की पॅरिस, हे सगळीकडे होतं. अंतर वाढलं की फक्त जास्त होतं.

याचा अर्थ गावाकडून गेलेल्या तुकड्याचा रिपोर्ट चुकतो, असा अजिबात नाही. कर्करोग आहे की नाही, कोणत्या प्रकारचा आहे, स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर, हर-२ आहेत का, हे सगळं टिकाऊ प्रथिनांवर बघतात. ती फॉर्मालिनमध्ये व्यवस्थित टिकतात. अट एवढीच की तुकडा तासाभरात फॉर्मालिनमध्ये पडावा, बाटलीत तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मालिन असावं, आणि सलाइन किंवा पाण्यात घालून तो लांब पाठवू नये. बाटली हातात आली की तिच्यावर नाव, काढल्याची तारीख आणि वेळ आहे का, हे नातेवाईकांनी बघून घ्यायला हरकत नाही. डॉक्टरांना विचारल्यास कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारावं.

पट्टीवरून वाद: पुण्याचं प्रकरण

महाराष्ट्रात या काळ्या पट्ट्यांवरून एक मोठा वाद होऊन गेला आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र’ आहे, बोलीभाषेत एनसीसीएस. पेशींच्या संशोधनातलं ते देशातलं नावाजलेलं केंद्र. तिथल्या एका गटाचा पेशींतल्या संदेशवहनाच्या प्रथिनांवरचा शोधनिबंध २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ या अमेरिकी नियतकालिकात छापून आला. २००६ मध्ये एक निनावी तक्रार आली. निबंधातल्या काही वेस्टर्न ब्लॉटच्या प्रतिमा आधीच्या निबंधातल्या प्रतिमांशी जुळतात, असा तक्रारीचा रोख होता.

चौकशीसाठी ज्येष्ठ जैवरसायनशास्त्रज्ञ जी. पद्मनाभन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. प्रतिमांत फेरफार झालेला नाही, असा निष्कर्ष समितीने दिला. तिकडे नियतकालिकाने मात्र फेब्रुवारी २००७ मध्ये तो निबंध मागे घेतला. एकाच पट्ट्यांकडे बघून दोन ठिकाणी दोन निर्णय झाले आणि देशातल्या वैज्ञानिकांमध्ये बरीच वर्षं त्यावर चर्चा चालली. कोण बरोबर, हे इथे ठरवायचं कारण नाही. प्रकरणातून दिसतं ते एवढंच की पट्टीला स्वतःचं नाव नसतं. तिच्याखाली जे लिहिलं तेच तिचं नाव. म्हणूनच आता अनेक नियतकालिकं कापून घेतलेल्या पट्टीसोबत अख्ख्या पडद्याचा मूळ फोटोही मागतात.

पण त्याहून मोठा घोटाळा प्रामाणिकपणे काम करताना होतो, तो अँटिबॉडीच चुकीची निघाल्यामुळे. २०१२ मध्ये अ‍ॅमजेन कंपनीच्या संशोधकांनी कर्करोगावरचे गाजलेले ५३ अभ्यास पुन्हा करून पाहिले, त्यांतले फक्त ६ जुळले. कारणं अनेक होती, पण त्यानंतर बोट अँटिबॉडीकडेही वळलं. २०१५ मध्ये शंभराहून जास्त वैज्ञानिकांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की जगात दरवर्षी या अँटिबॉडींवर होणाऱ्या खर्चातले अंदाजे ८० कोटी डॉलर वाया जातात.

मग २०२३ मध्ये कॅनडातल्या एका गटाच्या पुढाकाराने सरळ परीक्षाच झाली. ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटिबॉडी घेतल्या. जनुक कापून ते प्रथिन पूर्ण काढून टाकलेल्या पेशींवर त्या लावल्या. प्रथिनच नसताना पट्टी दिसली तर अँटिबॉडी नापास, इतका साधा नियम. निम्म्याहून जास्त अँटिबॉडी एखाद्या तरी चाचणीत नापास झाल्या. नापास झालेल्या अँटिबॉडी वापरून छापलेले शोधनिबंध होते, दर प्रथिनामागे सरासरी बारा. परीक्षा घेताना कंपन्याही सोबत होत्या, आणि निकालानंतर त्यांनी काही अँटिबॉडी बाजारातून काढून घेतल्या, ही त्यातली चांगली बातमी. ही परीक्षा साध्या अँटिबॉडींची होती. फॉस्फो-अँटिबॉडीची परीक्षा याहून अवघड, कारण तिथे प्रथिन काढून भागत नाही, फक्त त्या एका जागेचं फॉस्फेट घालवून बघावं लागतं.

भारतातल्या छोट्या प्रयोगशाळेसाठी हा पैशाचा प्रश्न आहे. पन्नास हजारांची कुपी परदेशातून थंड पेटीत येते. हजारपट पातळ केल्यावर तिच्यातून शंभर मिलिलिटर द्रावण होतं, म्हणजे साधारण दहा ब्लॉट. त्यात खात्री करण्याचे ब्लॉट धरले तर खरा प्रयोग पाच-सहा वेळाच होतो. खात्रीवरच काटकसर करण्याचा मोह होतो तो इथे.

मग रुग्णाला काय मिळालं?

थेट नाही, पण आडमार्गाने बरंच. रक्ताच्या कर्करोगाचा सीएमएल नावाचा प्रकार घ्या. त्यात एक टायरोसिन कायनेज कायमचं चालू राहतं. ते बंद करणारं इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. औषध घेतल्यावर स्विच खरंच बंद झाला का, हे संशोधकांनी तपासलं ते फॉस्फेट बघूनच. पुढे याच औषधाच्या पेटंटचा खटला भारतात गाजला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात राहिली. त्या वेळच्या बातम्यांत मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास आणि भारतीय गोळीचा आठ-दहा हजार असा सांगितला जात होता.

खुद्द एकेटी रोखणारं कॅपिवासर्टिब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये स्तनाच्या ठरावीक कर्करोगासाठी मंजूर झालं. गंमत अशी की ते कुणाला द्यायचं हे फॉस्फो-एकेटीची पट्टी बघून ठरत नाही. ते जनुकातला बिघाड बघून ठरतं, कारण डीएनए फॉर्मालिनमधून आणि सव्वाचारशे किलोमीटरच्या प्रवासातूनही तग धरतो.

म्हणून ‘फॉस्फो टेस्ट करा, कर्करोग आधीच कळेल’ अशी जाहिरात किंवा फॉरवर्ड आला तर आधी त्या चाचणीला औषध नियंत्रकांची मान्यता आहे का, हे विचारायचं. ‘फक्त संशोधनासाठी’ असं लेबल असलेल्या अँटिबॉडीवरून रुग्णाचा उपचार ठरवता येत नाही. कुपी बनवणारी कंपनीच तसं लिहून देते.

फॉस्फेटची खूण ओळखणारी एक अँटिबॉडी मात्र प्रयोगशाळेतून रक्ताच्या चाचणीपर्यंत पोहोचली आहे, आणि ती कर्करोगाची नाही. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या ‘टाऊ’ नावाच्या प्रथिनावर जागोजागी फॉस्फेट चढतं. त्यातली २१७व्या क्रमांकाच्या थ्रिओनिनवरची खूण रक्तातही सापडते. ती आणि बीटा-अमिलॉइड यांचं प्रमाण मोजणाऱ्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या एफडीएने मे २०२५ मध्ये परवानगी दिली. परवानगी आहे ती ५५ वर्षं आणि त्यापुढच्या, स्मरणशक्तीच्या तक्रारी घेऊन तज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णांसाठी. काहीही त्रास नसताना पॅकेजमध्ये मिळतेय म्हणून करून घ्यायची ती चाचणी नाही.